नोकरी संग्रहालयाची, काम कलावंताचं : फ्रेड विल्सन यांची सुरुवात

कलामहाविद्यालयातून नुकती बाहेर पडलेली मुलं भेटली की एक प्रश्न हमखास येतो. कापड, लोखंड, जुने फोटो, भंगार, जे हाताला लागेल ते घेऊन मिश्रमाध्यमात काम करणारी ही मुलं. त्यांना संग्रहालयाचं काम आवडतं, पण भीती वाटते. घरचे म्हणतात, बरं झालं, एकदाचा नोकरीला चिकटला. मित्र म्हणतात, संपला, आता हा लेबलं लिहिणार. आम्हाला वाटतं, दोघांचंही चुकतंय. का, ते आज अमेरिकन कलावंत फ्रेड विल्सन यांच्या वाटचालीवरून पाहू.

विल्सन यांचा जन्म १९५४ चा, न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सचा. कॉलेजात असताना ते तिथल्याच न्यूबर्गर म्युझियममध्ये पहारेकरी होते. १९७६ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयांच्या शिक्षण विभागांत काम केलं. म्हणजे पोरांना घेऊन दालनं फिरवायची, समजावून सांगायचं. एका ठिकाणी आफ्रिकेतला मुखवटा ‘कला’ म्हणून मांडलेला, दुसऱ्या ठिकाणी तसाच मुखवटा ‘मानववंशशास्त्र’ म्हणून. वस्तू तशीच, पण काच, उजेड आणि लेबल बदललं की बघणाऱ्याचा चेहरा बदलतो. हे पुस्तकात वाचून कळत नाही बरं का, रोज उभं राहूनच कळतं.

१९८७ मध्ये ब्राँक्समधल्या एका छोट्या कलादालनात त्यांनी यावरच प्रदर्शन रचलं. समकालीन कलावंतांची कामं तीन खोल्यांत लावली. एक खोली मानववंशशास्त्राच्या संग्रहालयासारखी, एक जुन्या श्रीमंती दिवाणखान्यासारखी, एक आधुनिक गॅलरीसारखी पांढरीशुभ्र. खोलीप्रमाणे कामांचं वय आणि मोल बदलल्यासारखं वाटू लागलं. आमच्या मते उमेदवारीच्या काळातला कलावंत इथे स्वतःला सापडला. मिश्रमाध्यमात आपण काय करतो? एका वस्तूशेजारी दुसरी ठेवतो आणि मधल्या फटीतून अर्थ येतो. विल्सन यांनी हीच युक्ती कॅनव्हासवरून उचलून खोलीवर नेली. माध्यम काही सुटलं नाही, ते मोठं झालं.

मग १९९१ चं ‘गार्डेड व्ह्यू’. दुकानात कपडे घालून ठेवतात तसे चार पुतळे, कातडी काळीसावळी, मुंडकी नाहीत, अंगावर न्यूयॉर्कच्या चार संग्रहालयांच्या पहारेकऱ्यांचे गणवेश. पहारेकरी दिवसभर सगळ्यांसमोर उभा असतो आणि तरी कुणाला दिसत नाही. हे ज्याने गणवेश घातलाय त्यालाच सुचेल. पोटासाठी केलेली नोकरी इथे कच्चा माल झाली.

पुढच्या वर्षी, १९९२ मध्ये, बाल्टिमोरच्या मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीत ‘मायनिंग द म्युझियम’ उभं राहिलं. नावातच गंमत आहे : इंग्रजीत ‘माइन’ म्हणजे खाण, सुरुंग आणि ‘माझं’सुद्धा. ही संस्था १८४४ सालची. विल्सन यांनी तिच्याच संग्रहातल्या वस्तू काढून नव्याने मांडल्या. एका कपाटात चांदीची नक्षीदार भांडी, आणि त्यांच्यामध्ये गुलामांच्या पायातल्या लोखंडी बेड्या. लेबल साधं : ‘धातुकाम, १७९३–१८८०’. दुसरीकडे बाल्टिमोरच्या तुरुंगातला फटके मारण्याचा खांब, आणि त्याच्याकडे तोंड करून मांडलेल्या उंची खुर्च्या. लेबल : ‘सुतारकाम, १८२०–१९६०’. ना भाषण, ना आरोप. लेबल खोटं नाही, आणि म्हणूनच ते अंगावर येतं.

आता आमचा आक्षेप. विल्सन हे करू शकले ते पाहुणे म्हणून. आत पगारावर असलेला शिक्षक किंवा पहारेकरी त्या बेड्या चांदीशेजारी ठेवू शकला नसता. आणि पाहुणा शेवटी घरी जातो. प्रदर्शन १९९३ मध्ये उतरलं. पुढे इतर संग्रहालयांनीही त्यांना बोलावलं. हळूहळू असं बोलावणं हीच संग्रहालयांची रीत झाली : वर्षातून एकदा कलावंताकडून कान उपटून घ्यायचे आणि बाकीचे दिवस जुनीच मांडणी ठेवायची. हा दोष विल्सन यांचा नाही, पण त्यांच्या यशाची ही किंमत मोजली गेली, हे म्हटलं पाहिजे.

हाच प्रश्न आपल्या दारातही आहे. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून उघडलं, १९७५ मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. तिथे आजचे कलावंतही मांडणी करतात. २०१३ मध्ये रीना सैनी कल्लाट यांनी इमारतीच्या दर्शनी भागावर भलंमोठं कोळ्याचं जाळं टांगलं. ते विणलं होतं रबरी शिक्क्यांचं, आणि शिक्क्यांवर मुंबईच्या रस्त्यांची वसाहतकाळातली, आता बदललेली नावं. जिचं स्वतःचंच नाव बदललं त्या इमारतीवर हे जाळं अगदी नेमकं बसलं. सरकारी शिक्का हेच माध्यम, ही सूझ पक्की आहे. पण जाळं होतं बाहेर. आतल्या कपाटांत मुंबईच्या जातीजमातींच्या मातीच्या छोट्या प्रतिमा आहेत. कोण ‘नमुना’ ठरला आणि कोणी ठरवलं, हा प्रश्न त्या कपाटांपाशी विचारायचा आहे. तो एका प्रदर्शनात संपणारा नाही.

म्हणून त्या मुलांना आमचं उत्तर असं. नोकरी जरूर धरा. नोंदवह्या वाचा, कोठारात काय पडून आहे ते बघा, कोणती वस्तू कुणाकडून आली ते विचारा. पाहुण्याला जे सहा महिन्यांत जमत नाही ते रोज आत असणाऱ्याला दहा वर्षांत जमू शकतं : एक लेबल बदलणं, मग दुसरं. टाळ्या मिळणार नाहीत, सहीसुद्धा नसेल. तेव्हा भीती लेबल लिहिण्याची बाळगू नका. जुनंच लेबल न वाचता पुन्हा छापलं जाईल, याची बाळगा.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ.