लेकराची फिर्याद

आईबापांविषयी आपल्या वाङ्मयात उदंड लिहिले गेले आहे. परंतु त्यातील बहुतेक लिखाण कृतज्ञतेचे आहे, फिर्यादीचे नाही. मुलाने मातापित्यांचे ऋण स्मरावे हे उचितच होय. तथापि त्या ऋणाच्या खात्यास दुसरी बाजू असते, आणि मुलाचेही आईबापांकडे काही येणे राहून जाते, ही गोष्ट मराठी गद्याने फार उशिरा मान्य केली. ज्या पुस्तकाने ती निर्भीडपणे मांडली असे आम्हांस वाटते, ते किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) होय. पुस्तक निघाले तेव्हा त्याची चर्चा झाली ती मुख्यतः तमाशातील स्त्रियांच्या जीवनाचे दर्शन म्हणून. ते दर्शन त्यात आहे, यात शंका नाही. परंतु प्रथमतः ते एका सोडून दिलेल्या मुलाचे पुस्तक आहे, आणि त्या दृष्टीने त्याचा विचार व्हावा तितका झालेला नाही.

याच्या पूर्वीची वाट पाहू गेल्यास दोन पुस्तके सहजच आठवतात. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. पोहावयास भिऊन दडून बसलेल्या श्यामला आई झोडपून काढते, आणि मग त्याच्या पाठीवरचे वळ पाहून तिचेच डोळे भरून येतात, हा प्रसंग कोणाला ठाऊक नाही? त्या माराचा निवाडा पुस्तक उघडण्यापूर्वीच झालेला आहे. सांगणारा मुलगा मोठा झाला आहे, आई गेली आहे, आणि क्षमा मागावयाची ती मुलानेच. गुरुजींना याबद्दल बोल लावणे अन्यायाचे होईल. त्यांना कृतज्ञतेचाच ग्रंथ लिहावयाचा होता. चूक झाली ती आम्हा वाचकांची. एका मुलाच्या कृतज्ञतेवरून आम्ही सगळ्या आईबापांच्या निर्दोषतेचा सिद्धांत काढून मोकळे झालो.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ याहून सावध आहेत. वडिलांचे सोवळे, बाजारातून आलेला जिन्नस धुऊन घेण्याचा त्यांचा हट्ट, आणि त्यापायी साऱ्या घराची होणारी ओढाताण त्यांनी अशा रीतीने वर्णिली आहे की वाचक हसत सुटतो. हसू ओसरल्यावर मात्र मनात येते, की या घरातली मुले भेदरलेलीच असली पाहिजेत. लक्ष्मीबाई वडिलांना दोषी ठरवीत नाहीत आणि सोडूनही देत नाहीत. तो विनोद हीच त्यांची साक्ष. अशी साक्ष देण्यास फार मोठे मन लागते. आणि, हेही म्हटले पाहिजे, मध्यंतरी पुष्कळ वर्षे लोटलेली असावी लागतात.

काळ्यांपाशी हे अंतर नव्हते. ऐन तारुण्यात, जखम ओली असतानाच त्यांनी लेखणी हाती घेतली. बापाने आईला वाऱ्यावर सोडले. आई पुढे दुसऱ्या गृहस्थाबरोबर त्याच्या गावी राहावयास गेली आणि पोर मागे आजोळी राहिले. तेथे राबणे, बोलणी खाणे, मार खाणे आणि आईची वाट पाहणे एवढेच त्याच्या वाट्यास आले. त्या घरी मुलगी ही उत्पन्नाची बाब, आणि तिच्या कमाईवर पुरुषांनी बसून खावयाचे, अशी रीत. नाचू न शकणाऱ्या, घरात आणून काही न देणाऱ्या पोराची किंमत ती काय?

येथवर ही फिर्याद सरळ आहे. परंतु लेखक आणखी एक पायरी खाली उतरतो, आणि तेथेच पुस्तकाचे मोल आहे. आईलाही शिकावयाचे होते. तिच्या बापाने तिला बोर्डावर उभे केले. म्हणजे ज्या आजाच्या घरी मुलाची हेळसांड झाली, त्याच घराने आधी त्याच्या आईचे बालपण विकून खाल्ले होते. आईची अगतिकता लेखकाला कळते. म्हणून तो आपली फिर्याद मागे घेत नाही, हे विशेष. तू का आली नाहीस, हा त्याचा प्रश्न शेवटपर्यंत तसाच उभा राहतो. असे असूनही बापाच्या नावाच्या जागी तो नाव लावतो ते आईचेच. पुस्तकाच्या कव्हरावरील त्या मधल्या नावातच सगळा निवाडा आला आहे. उत्तरार्धात, वैद्यकीय शिक्षणाच्या भागात, निवेदन नुसत्या हकीकतीच्या पातळीवर उतरते आणि माणसांची गर्दी होते, हा दोष खरा. पण पहिल्या शंभर पानांच्या बळावर तो सहज पोटात घालता येतो.

गंमत अशी की पुढे कायद्यालाही हाच पेच सोडवावा लागला. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाच्या ७५ व्या कलमाने मुलास टाकून देणे, त्याची जाणूनबुजून हयगय करणे हा कैदेस पात्र असा गुन्हा ठरविला. परंतु त्यालाच जोडून एक परंतुकही घातले: जन्मदात्यांनी आपल्या हाताबाहेरील परिस्थितीमुळे मूल सोडले असेल, तर ते जाणूनबुजून केलेले मानू नये. परंतुक शहाणपणाचे आहे. मात्र त्यातील ‘परिस्थिती’ हा शब्द, परीक्षेतील उत्तरात ‘इत्यादी’ यावा तसा, सगळे काही पोटात घेऊन बसतो.

ती परिस्थिती पाहावयास आम्हांस दूर जावे लागत नाही. येथे ढोकीस तेरणा साखर कारखाना आहे. मध्यंतरी कित्येक वर्षे तो बंद होता, पण उसाचा हा मुलूख काही बदलला नाही. गळीत सुरू झाले की फडात टोळ्या उतरतात. नवराबायको मिळून एक कोयता; मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांच्या अंगावर. तान्हे मूल पाचटावर निजविलेले, आणि त्याच्यावर लक्ष ठेवावयास शाळा सोडून आलेली सातआठ वर्षांची बहीण. मुले गावीच राहावीत म्हणून सरकार हंगामी वसतिगृहे चालविते. पण मूल मागे ठेवावे तर ते महिनोन्महिने आईबापांवाचून राहते, आणि बरोबर आणावे तर ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांजवळ खेळते. कोणतीही निवड केली तरी आईबापांना दोष देता यावा, अशीच ही रचना आहे.

हेळसांड आईबापांकडून होते आणि ती घडवून आणणारा त्या वेळी तेथे नसतो, ही गोष्ट काळ्यांनी एका घरापुरती दाखविली. त्यांच्या कथेत निदान तो आजा अंगणात बसलेला दिसतो. फडातल्या लेकराने दाखवावयाचे कोणाकडे? त्या पाचटाजवळच्या मुलीने लिहिलेले पुस्तक अद्याप आमच्या वाचनात आलेले नाही. ते निघालेच, तर आईबापांची चौकशी ती कोणत्या प्रकरणात करील आणि मुकादमाची कोणत्या, हे पाहण्यास आम्ही उत्सुक आहो.