चौकटीबाहेरची पवनचक्की

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी हडपसर सोडून सासवडच्या वाटेला लागते, तेव्हा दिवे घाटाच्या वरच्या अंगाला कॅमेरे केव्हाचे जागा धरून असतात. त्या संध्याकाळी मोबाइल उघडावा, तर एकच छायाचित्र शेकडो नावांखाली दिसतं. वळणांचा रस्ता, तो काठोकाठ भरून टाकणारी माणसं, भगव्या पताका, वर पावसाळी आभाळ. छायाचित्र देखणं असतं. उजेड सांभाळलेला असतो, क्षितिज सरळ असतं. पण दहावं पाहताना पहिलं कुणाचं होतं ते आठवत नाही.

वारी वरून कशी दिसते, हे उद्धव ठाकरे यांच्या ‘पहावा विठ्ठल’ या हवाई छायाचित्रांच्या पुस्तकानं २०११ मध्ये मराठी घरांत पोचवलं. पुढे ड्रोन स्वस्त झाले आणि ती उंची कुणालाही गाठता येऊ लागली. छायाचित्रकार संदेश भंडारे यांनी हीच वारी जमिनीवरून, माणसांच्या खांद्याला खांदा लावून टिपली होती. त्यांच्या कामात वारकऱ्याला चेहरा आहे, थकवा आहे, मुक्कामाची गडबड आहे. हौशी मंडळींनी त्यातून उचललं ते फारच थोडं. वारी जवळजवळ तीन आठवडे चालते. नीरास्नान आहे, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण आहे, रात्रीच्या राहुट्या आहेत, पाण्याचे टँकर आहेत, पहाटे चुली पेटवणाऱ्या बाया आहेत. आपल्याला दिसते ती एका दुपारची, एका वळणावरची वारी.

महाराष्ट्रातल्या हौशी छायाचित्रणाची आजची अवस्था मला या एका उदाहरणात दिसते. तांत्रिक हात पूर्वी कधी नव्हता इतका तयार झालेला आहे. पण काय टिपावं याचा निर्णय छायाचित्रकारानं दुसऱ्यांच्या हाती दिला आहे. ही तक्रार मी प्रेमापोटी करतो, कारण या छंदाचं मोल मला फार मोठं वाटतं. व्यावसायिकाला गिऱ्हाईक सांभाळावं लागतं, वृत्तछायाचित्रकाराला मुदत गाठावी लागते. हौशी माणसाला यातलं काही नसतं. त्याच्यापाशी सवड असते आणि एखाद्या जागेशी, माणसांशी असलेला जुना परिचय असतो. हे भांडवल लाखाच्या लेन्सपेक्षा मोठं आहे, आणि नेमकं तेच वापराविना पडून आहे.

या छंदाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जगापुढे आला आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या मंडळातले. पेशानं डॉक्टर, छंदानं छायाचित्रकार. दोनच वर्षांनी, १८५६ पासून, ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ हे मासिक मुंबईतून निघू लागलं. हौशी माणसांनी काढलेली छायाचित्रं इतरांपर्यंत पोचवायची ही खटपट इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. पुढे १९३७ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया आली, सलोन म्हणजे छायाचित्रांची स्पर्धात्मक प्रदर्शनं भरू लागली, परीक्षक नेमले जाऊ लागले. त्या सलोनी छायाचित्रांचेही साचे ठरून गेले होते. धुक्यातली होडी, सुरकुतलेला म्हातारा, तिरप्या उन्हातली गुरं. म्हणजे साचा ही काही मोबाइलनं आणलेली गोष्ट नाही. मात्र तिथं एक शिस्त होती. प्रिंट समोर ठेवला जाई आणि जाणकार माणूस तोंडावर सांगे की डावा कोपरा रिकामा आहे, विषय मधोमध अडकलाय, पुन्हा जा.

शिवाय फिल्म महाग होती. बडोद्यात बनणारा अग्फा क्लिक थ्री कॅमेरा अनेक मध्यमवर्गीय घरांतला पहिला कॅमेरा. त्याच्या एका रोलवर बारा छायाचित्रं निघत. बारांत लग्न बसवायचं, तर कुठं बटण दाबायचं नाही हे आधी शिकावं लागे. ते दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही. त्या काळात कॅमेरा हाती न आलेली माणसंच फार होती, स्त्रिया तर जवळपास नव्हत्याच. होमाई व्यारावाला यांच्यासारख्या मोठ्या छायाचित्रकर्तीची सुरुवातीची चित्रं नवऱ्याच्या नावानं छापली गेली. आज गावातल्या मुलीच्या हातातही कॅमेरा आहे आणि तिचं चित्र तिच्याच नावानं लोकांसमोर येऊ शकतं. ही कमाई मोठी आहे.

पण काय टिपायचं हे बदललं ते चौकटीपासून. २०१० मध्ये इन्स्टाग्राम आलं आणि पाच वर्षं सगळ्यांना चौरसात बसवून राहिलं. २०२० मध्ये भारतात रील्स सुरू झाल्या आणि चौकट उभी झाली. सह्याद्री हा आडवा पसरलेला डोंगर आहे. पठारं, कातळकडे, एकापाठोपाठ एक मावळत जाणाऱ्या रांगा. उभ्या चौकटीत हे मावत नाही. तिला खोली दाखवायला पुढे काहीतरी लागतं, आणि मग कोकणकड्याच्या टोकाशी हात पसरून पाठमोरं उभं राहणारं माणूस येतं. हरिश्चंद्रगड असो, हरिहरच्या कातळपायऱ्या असोत, नाणेघाटात वाऱ्यानं उलटं उडणारं पाणी असो, डोंगर मागचा पडदा होऊन बसतो. पावसाळी शनिवार-रविवारी हरिहरच्या पायऱ्यांवर होणारी कोंडी हा याच चौकटीचा परिणाम आहे.

पण मला जास्त सांगायचं आहे ते साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठाराबद्दल. उन्हाळ्यात तिथं पंखागळ्याचे सरडे विणीवर येतात. नर दगडावर चढतो आणि गळ्याखालचा पंखा उघडतो. निळा, काळा, नारिंगी, ऊन पडलं की झळकणारा. या सरड्याला २०१६ मध्ये नवी प्रजाती म्हणून शास्त्रीय नाव मिळालं, सारदा सुपर्बा. त्यातलं ‘सारदा’ आपल्या ‘सरडा’वरूनच घेतलेलं आहे. दर उन्हाळ्यात राज्यभरातून छायाचित्रकार तिथं पोटावर पडून राहतात. निघणारी चित्रं अप्रतिम असतात, आणि जवळजवळ सगळी सारखी असतात. धूसर, निर्मळ पार्श्वभूमी, दगड, उघडलेला पंखा. कधी दोन नरांची झुंज.

चाळकेवाडीला जो गेलाय त्याला ठाऊक आहे की तिथं डोळ्यांत पहिल्यांदा भरतात त्या पवनचक्क्या. ओळीनं उभ्या, सतत घरघरणाऱ्या. चित्रात त्या नसतात. पोटावर पडलं, भिंग पूर्ण उघडं ठेवलं की त्या विरघळून जातात. याच पठारावर संशोधक मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना आढळलं की जिथं पवनचक्क्या आहेत तिथं शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी आहेत. शिकारी घटले, म्हणून सरडे वाढले. वाढले, पण अंगानं खंगले, ताणाला देणारा प्रतिसाद मंदावला, माणूस अगदी जवळ येईपर्यंत पळेनासे झाले, आणि नरांचा रंगही फिका पडला. म्हणजे ज्या रंगासाठी इतकी माणसं तिथं जातात, त्या रंगाची गोष्टच चौकटीबाहेर काढलेल्या खांबांशी जोडलेली आहे. सरडा आणि मागे पवनचक्कीचं पातं असं चित्र कदाचित कमी गोंडस दिसेल. त्या जागेचं ते खरं चित्र असेल. आणि तीच माणसं दर उन्हाळ्यात जाऊन, त्याच चार दगडांवरचे नर टिपून, तारीख लिहून ठेवत राहिली असती, तर आज हौशी मंडळींकडेच एक दुर्मीळ दस्तऐवज असता.

खरेपणाचा प्रश्न काजव्यांच्या चित्रांत आणखी अवघड होतो. मेअखेरीस भंडारदरा, राजमाची, पुरुषवाडी इथं झाडं लुकलुकू लागतात. आपण पाहतो त्या चित्रांत झाडापासून जमिनीपर्यंत हजारो ठिपके पसरलेले असतात. कॅमेरा तिपाईवर ठेवून बराच वेळ लागोपाठ छायाचित्रं घेतात आणि मग ती एकावर एक रचतात. या पद्धतीत वावगं काही नाही, रात्र टिपण्याचा तो रास्त मार्ग आहे. वावगं आहे ते न सांगणं. किती वेळाचा उजेड या चित्रात साठला आहे, ही एक ओळ खाली लिहिली की ते चित्र काळाचं चित्र होतं. ती नसली की पाहणाऱ्याची फसगत होते. तो पुढच्या आठवड्यात मुलाबाळांना घेऊन तिथं पोचतो, हजारो दिवे दिसत नाहीत म्हणून हिरमुसतो, बॅटऱ्या आणि गाड्यांचे दिवे लावतो, आणि काजव्यांचं मीलन ज्या अंधारावर अवलंबून आहे तो अंधारच मोडतो.

रचलेली चित्रं सांगून दाखवली की किती मोठी होतात, याचं उदाहरण पुण्याचंच आहे. मे २०२१ मध्ये तिथल्या एका सोळा वर्षांच्या मुलानं पन्नास हजारांहून जास्त छायाचित्रं एकत्र करून चंद्राचं एक चित्र तयार केलं आणि ते जगभर पाहिलं गेलं. त्यानं पद्धत लपवली नाही. रंग का वाढवले, ते चंद्रावरच्या कोणत्या खनिजांमुळे वेगळे दिसतात, हेही सांगितलं. याउलट मार्च २०२३ मध्ये एका वापरकर्त्यानं मुद्दाम धूसर केलेला चंद्र पडद्यावर लावला, सॅमसंगच्या फोननं त्याचं छायाचित्र घेतलं, आणि फोननं त्यात मूळ चित्रात नसलेले बारकावे आणून दाखवले. दोन्ही चंद्र मोबाइलच्या पडद्यावर सारखेच सुंदर दिसतात. त्या मुलाला प्रत्येक बारकावा कुठून आला ते ठाऊक होतं, आणि माझ्या लेखी कलावंत तो, ज्याला हे ठाऊक असतं.

अंबोलीचे बेडूक आणि चापडे साप, भिगवणचे रोहित यांच्याबाबत इथं थोडक्यातच लिहितो, कारण मुद्दा सरळ आहे. चांगल्या पानावर नेऊन ठेवलेला बेडूक, थवा उडावा म्हणून रोहितांच्या अंगावर नेलेली होडी, ही चित्रं बाद समजावीत. वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर या स्पर्धेनं २०१० मध्ये पाळीव लांडग्याच्या संशयावरून आपलं सर्वोच्च पारितोषिक काढून घेतलं होतं. आपल्याकडे अनेक पक्षीमित्र गट घरट्यांची छायाचित्रं स्वीकारत नाहीत, हे त्यांचं करणं योग्य आहे. याच स्पर्धेत २०१६ मध्ये नयन खानोलकर यांच्या आरेतल्या बिबट्याला शहरी विभागाचं पारितोषिक मिळालं. त्या चित्रात रात्रीची वस्ती आहे, घरांमधली बोळ आहे आणि तिथून चाललेला बिबट्या. काही पुसून टाकलेलं नाही, आणि त्या चित्राचं सारं बळ न पुसण्यात आहे.

इतका मोठा छंद, आणि त्याला समीक्षा नाही. चित्राखाली ‘अप्रतिम’, ‘लय भारी’, ‘कडक’ येतं, टाळ्यांची आणि आगीची चिन्हं येतात. कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, हे विचारलं जातं. इथंच का उभा राहिलास, हे कुणी विचारत नाही. दाद हवीच, ती सगळ्यांनाच हवी असते. पण नुसत्या दादेवर वाढणारा माणूस काल दाद मिळालेलं चित्र उद्या पुन्हा काढतो. खोटं न बोलता, न दुखावता दोष सांगणारा मित्र हवा, आणि ते दोष चारचौघांत सांगण्याची जागा हवी.

शेजारच्या एका छंदानं हे जमवलेलं दिसतं. जागेवर बसून रेखाटनं करणारे अर्बन स्केचर्स. गॅब्रिएल कॅम्पानारिओ या पत्रकारानं २००७ मध्ये हा गट सुरू केला, आता मुंबई-पुण्यातही त्याच्या शाखा आहेत. त्यांचे नियम साधे आहेत. प्रत्यक्ष बघून, तिथंच बसून काढायचं, जे दिसतं त्याच्याशी प्रामाणिक राहायचं, आणि चित्र काळाची व स्थळाची नोंद व्हावं. शेवटी सगळ्यांच्या वह्या जमिनीवर मांडून एकमेकांच्या बघतात. त्यामुळे विजेच्या तारा, पानटपरी, दुचाक्यांची रांग त्यांच्या वाड्यांच्या चित्रांतून हटत नाही. कॅमेरेवाला तेवढंच आधी हटवतो.

छायाचित्रणातही असं काम होत आहे, फक्त ते दिवे घाटाइतकं दिसत नाही. रोहन काळे यांनी सुरू केलेली बारव मोहीम घ्या. गावोगावच्या, झाडोऱ्यात बुडालेल्या, कचऱ्यानं भरलेल्या बारवांची छायाचित्रं ठिकाणासह नोंदवली जाऊ लागली आणि पाहता पाहता गावकरी त्या साफ करू लागले. ही चित्रं सलोनमध्ये गेली तर कदाचित मागेच राहतील. पण त्यांतल्या पायऱ्या मोजता येतात, कोनाड्यातलं शिल्प ओळखता येतं, मागच्या वर्षीचं पाणी आणि यंदाचं पाणी ताडून बघता येतं. वीरगळांच्या मागे फिरणारे शिक्षक आणि आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर खिडकीशी आलेले पतंग तारखेसह नोंदवणारे गृहस्थ मी याच रांगेत बसवतो. सौंदर्य त्यांच्यापासून दूर नाही. एकाच जागेकडे वर्षानुवर्षं बघत राहिलं की ते येतं, जरा उशिरा येतं.

राहतो तो जपणुकीचा प्रश्न. फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर एका पिढीनं आपली सगळी छायाचित्रं ठेवली होती. २०१८ मध्ये फ्लिकरनं फुकट खात्यांवर एक हजारांची मर्यादा घातली आणि वरची चित्रं काढून टाकायचं जाहीर केलं. इन्स्टाग्रामवर जुनं चित्र शोधायचं, तर मालकालाच धाप लागते. तालुक्याच्या गावातले स्टुडिओ बंद होताना जसा निगेटिव्हांचा ठेवा गेला, तसाच हाही जाईल. म्हणून ज्यानं आपल्या गावाचा बाजार, जत्रा, नदी दहा वर्षं टिपली असेल, त्यानं त्यातली शंभर निवडावीत, प्रत्येकाखाली मराठीत गाव, तारीख आणि दोन ओळी लिहाव्यात, विकिमीडिया कॉमन्सवर मुक्त परवान्यानं ठेवावीत आणि एक प्रत गावच्या वाचनालयात द्यावी. निवडताना दिसायला चांगल्या चित्रांपेक्षा, जिथं आता रस्ता रुंद झालाय किंवा झाडाखालचा पार पाडून टाकलाय, अशी चित्रं आधी घ्यावीत.