एकल संवादिनीवादन : रसिकांचा वाद आणि समीक्षेचे निकष

हार्मोनियम हे वाद्य भारतीय संगीतास योग्य की अयोग्य, या प्रश्नावर मराठी संगीतविचारात दीर्घकाळ काथ्याकूट झाला. त्याचा व्यावहारिक निकाल मैफलीने केव्हाच लावून टाकला आहे. ख्यालगायनाच्या साथीला पेटी नसेल तर आज श्रोत्यालाच काहीतरी चुकल्यासारखे वाटते. मात्र या जुन्या वादाच्या धुरळ्यात एक वेगळा आणि अधिक नाजूक प्रश्न झाकला गेला. साथीच्या कामातून मोकळी झालेली आणि तबल्याच्या ठेक्यावर स्वतःच मैफल सांभाळणारी संवादिनी ऐकताना तिचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावयाचे? या प्रश्नावर रसिकांचे सरळ दोन तट पडलेले दिसतात. एका तटाच्या मते एकल पेटीवादन ही गायनाची नक्कल आहे किंवा बोटांची कसरत आहे. दुसऱ्या तटाच्या मते आधुनिक वादकांनी तयारीच्या बळावर पेटीला सतार-सरोदाच्या पंक्तीला नेऊन बसविले आहे. या दोन्ही भूमिका वाद्याविषयी बोलतात, वादनाविषयी फार थोडे बोलतात, हे येथे दाखवावयाचे आहे.

आरंभी थोडा इतिहास पाहणे अवश्य आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पॅरिसमध्ये घडलेले पायभात्याचे हे वाद्य भारतात आले आणि 1880 च्या दशकात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या कारखान्यात त्याला हातभात्याचे सुटसुटीत रूप मिळाले. महाराष्ट्रात त्याला आश्रय दिला तो संगीत रंगभूमीने. कोल्हापूर परिसरापुरते बोलावयाचे तर या कथेच्या केंद्रस्थानी गोविंदराव टेंबे (1881-1955) आहेत. त्यांचा जन्म कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचा. शाहू महाराजांच्या आश्रयामुळे उस्ताद अल्लादिया खाँ कोल्हापुरात होते आणि त्यांची गायकी टेंबे यांच्या कानांवर सतत पडत होती. भास्करबुवा बखले यांचा सहवासही त्यांना लाभला. 1911 च्या ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांच्या आणि त्यांची पेटीही तितकीच नावाजलेली. पेटी केवळ सूर धरणारी राहू नये, तिने गायकीचा आशय बोलून दाखवावा, ही अपेक्षा महाराष्ट्रात त्यांच्या वादनापासून दृढ झाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

याच सुमारास श्रुतींचा प्रश्न ऐरणीवर आला. कृष्णाजी बल्लाळ देवल यांचे बावीस श्रुतींवरील इंग्रजी पुस्तक 1910 साली प्रसिद्ध झाले. सनदी अधिकारी ई. क्लेमेंट्स यांच्या सहकार्याने श्रुतींची पेटी घडविण्याचेही प्रयत्न झाले. आक्षेप खोटा नव्हता. समविभागी सप्तकातील शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे 14 सेंटनी चढा असतो आणि कोमल गंधार सुमारे 16 सेंटनी उतरता असतो. दरबारीचा आंदोलित गंधार तर पेटीवर मुळीच निघत नाही, कारण दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत पेटीला जाताच येत नाही. आकाशवाणीने हाच मुद्दा पुढे करून 1940 च्या मार्चपासून पेटीला बंदी केली. दिल्ली केंद्रावरील पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख जॉन फोल्ड्स यांनी त्याआधी, 1938 साली, पेटीविरुद्ध कडक लेख लिहिला होता. रवींद्रनाथ टागोरांचाही तिला विरोध होता. 1971 साली बंदी अंशतः उठली ती साथीपुरती. एकल वादनाला त्या वेळी दार उघडले नाही. तीन दशके नभोवाणीच्या दरबारी अपात्र ठरलेल्या या वाद्याची पुष्कळशी वाढ त्यामुळे नाट्यगृहांत, खासगी बैठकांत आणि तबकड्यांवर झाली, आणि तिच्याविषयीची समीक्षाही त्याच ठिकाणी, बोलण्यात व दाद देण्यात, राहून गेली. लेखी समीक्षेच्या वाट्याला आला तो श्रुतींचा हिशेब.

या कोंडीतून बाहेर येण्यास एक दूरचे उदाहरण उपयोगी पडते. अमेरिकन जॅझ संगीतात पियानो, डबल बास आणि ड्रम्स अशा तिघांच्या मेळाला पियानो-त्रयी म्हणतात. पियानोचे सूरही पेटीसारखेच बांधलेले असतात आणि त्यालाही मींड नाही. किंबहुना एका बाबतीत तो पेटीहून अधिक लाचार आहे. पट्टी दाबताच पियानोचा सूर विझू लागतो. पेटीचा सूर भाता आहे तोवर टिकतो आणि फुगविताही येतो. असे असूनही जॅझच्या रसिकांनी पियानो-त्रयीवर जो दीर्घ वाद घातला, त्यात वाद्याच्या पात्रतेला गौण स्थान आहे. वाद आहे तो तिघांच्या परस्परनात्याचा.

अहमद जमाल यांच्या त्रयीची शिकागोतील पर्शिंग हॉटेलमध्ये ध्वनिमुद्रित झालेली तबकडी 1958 साली आली आणि लोकप्रिय झाली. अनेक समीक्षकांनी तिला पेयपानाच्या वेळी मागे वाजत राहणारे संगीत म्हणून हिणविले. माइल्स डेव्हिस यांच्यासारख्या वादकाला मात्र त्यातील रिकाम्या जागा मोलाच्या वाटल्या. ऑस्कर पीटरसन (1925-2007) यांच्याविषयीचा वाद याच्या उलट टोकाचा. त्यांची तयारी अचाट, पण सूर फार, अशी तक्रार त्यांच्याविषयी वारंवार झाली. बिल इव्हान्स यांच्या त्रयीने 25 जून 1961 रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये केलेले वादन तर या चर्चेचा मानदंडच होऊन बसले. तेथे बासवादक स्कॉट लफारो लयीचा खांब धरून उभा राहत नाही. तो पियानोच्या वाक्याला मध्येच उत्तर देतो, कधी त्याचा शब्द उचलतो, कधी गप्प बसतो. ड्रम्सवर पॉल मोशन यांनी ताल ठोकून दाखविण्याऐवजी सूचित केला. लफारो यांचा त्यानंतर अकराच दिवसांनी अपघाती मृत्यू झाला, वय पंचवीस. पुढे कीथ जॅरेट यांच्या 1983 पासूनच्या त्रयीविषयी, स्वीडनच्या एस्ब्यॉर्न स्वेन्सन यांच्या त्रयीविषयी किंवा विजय अय्यर यांच्या त्रयीविषयी रसिक भांडले, तेही मुख्यतः याच मुद्द्यावर. तिघे एकमेकांचे ऐकतात काय? की एक जण बोलतो आणि दोघे मान डोलावतात? जुन्या वळणाच्या रसिकांना आधुनिक त्रयीत लयीचा झोका हरवल्यासारखा वाटतो, नव्यांना तोच झोका पिंजरा वाटतो. पण दोन्ही पक्ष ऐकलेल्या वादनाचे दाखले देऊन बोलतात, ही त्या वादाची जमेची बाजू.

हे निकष जसेच्या तसे उचलून पेटीवर लादणे अर्थातच चूक ठरेल. जॅझमध्ये स्वरसंघांची चौकट असते आणि बासवादकाला त्या चौकटीतून वाट काढावयाची असते. रागसंगीतात ती चौकट नाही. ठेका आवर्तनाची जाणीव अखंड ठेवतो आणि त्या स्थैर्याच्या आधारावरच आलापी व तान उभी राहते. तबलजीने लफारोप्रमाणे प्रत्येक वाक्याला उत्तर दिले तर समेचा डौलच मोडेल. तरीही ‘संवादिनी’ हे नाव मिरविणाऱ्या वाद्याच्या एकल मैफलीत संवाद कोठे आहे, हा प्रश्न त्या उदाहरणाने अटळ होतो. आपल्या प्रथेत तबल्याचे स्वतंत्र वादन असेल तर पेटी लेहऱ्याला बसते आणि पेटीचे स्वतंत्र वादन असेल तर तबला ठेक्याला बसतो. भूमिकांची ही सरळ अदलाबदल झाली. एकाच वेळी दोघे बोलते आहेत असे क्षण सवाल-जवाबापुरते येतात, आणि सवाल-जवाब म्हणजे बहुधा पाठ केलेल्या तिहाईंची देवाणघेवाण.

संवाद खऱ्या अर्थाने होता तो साथीत. अप्पा जळगावकर (1922-2009) यांची साथ ऐकताना हे ध्यानी येते. उत्तम साथकार गवयाच्या अर्धा श्वास मागे असतो. वाक्य संपताना त्याचा शेवटचा स्वर तो धरून ठेवतो आणि गवई पुन्हा बोलू लागताच तो सोडून देतो. साथीतील हे मागे असणे हा ऐकण्याचा दृश्य, किंबहुना श्राव्य, पुरावा होय. बालगंधर्वांच्या नाटकांतही ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला यांचा मेळ होता. त्या मेळातील प्रत्येक जण स्वतंत्र बुद्धीचा कलावंत होता. पियानो-त्रयीशी तुलनाच करावयाची तर ती एकल पेटीपेक्षा या मेळाशी अधिक जुळेल. फरक इतकाच की त्याच्या मध्यभागी गाणारा कंठ होता.

कंठ काढून घेतला की पेटीवादकाला पुढे जाणारा आणि मागून येणारा असे दोघेही स्वतःच व्हावे लागते. एकल वादनाची खरी अडचण येथे आहे, श्रुतींत नाही. पेटीच्या प्रत्येक स्वराची सुरुवात सारखीच ठाशीव होते. पट्टी दाबली की स्वर पूर्ण हजर होतो, तो उगवत नाही. ही ठाशीवता मोडण्याचे उपाय तीनच. पहिला भात्याचा दाब, दुसरा आधीची पट्टी क्षणभर जास्त दाबून ठेवून दोन स्वरांची कड पुसणे आणि तिसरा कणस्वर. गोविंदराव पटवर्धन (1925-1996) यांनी वाजविलेली नाट्यपदे शब्दांवाचून कळत, याचे कारण या तीन उपायांत शोधावे लागते. पदातील अक्षर कोठे सुटे आहे, कोठे जोडलेले आहे आणि श्वास कोठे घेतला आहे, हे भात्यातून कळत असे. याला गायनाची नक्कल म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे आहे. नक्कल आवाजाची होते, येथे उच्चाराची पुनर्रचना होती.

पी. मधुकर यांनी दुसरी वाट रुळविली. त्यांच्या वादनात वाद्य स्वतःच्या पट्ट्यांच्या जोरावर बोलते. त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर (1934-2018) यांनी या वाटेला गायकीची जोड दिली. नागपूरचे मनोहर चिमोटे (1929-2012) यांनी वाद्यातच स्वरमंडळ बसविले, ‘संवादिनी’ हे नाव आग्रहाने रूढ केले आणि तंतकारीच्या अंगाने संपूर्ण मैफल उभी केली. स्वरमंडळाच्या तारांचा झंकार पेटीच्या कोरड्या स्वराभोवती एक वलय निर्माण करतो आणि दोन वाक्यांमधली जागा मुकी राहत नाही. वर उल्लेखिलेल्या अडचणीला दिलेले हे रचनात्मक उत्तर होय आणि त्याची दखल त्या दृष्टीने फारशी घेतली गेलेली नाही. चर्चा राहिली ती झाल्याची आणि द्रुत गतीची. झाला हा तारेच्या वाद्याचा स्वभाव आहे. तेथे चिकारीच्या तारा आघाताने वाजतात व विरतात, म्हणून त्या आघातांची माळ होते. पेटीवर तीच माळ विझत नाही, तिचा एकसंध पत्रा होतो. तयारीला भुलून या पत्र्याला टाळी देणारा रसिक आणि तो ऐकून सगळ्याच एकल वादनाला कसरत म्हणणारा रसिक, दोघेही एकाच पंधरा मिनिटांवर भाळलेले किंवा चिडलेले असतात. आधीच्या तासाभरात विलंबितात काय घडले, याविषयी दोघांचेही मौन असते.

अनेक स्वर एकदम वाजविण्याविषयीचा वादही असाच ढोबळ आहे. पुष्कळ आधुनिक वादक मुखड्यावर किंवा समेवर भरीव स्वरसंघ देतात. षड्ज-पंचमाची जोडी तंबोऱ्याचाच विस्तार असल्याने खटकत नाही. पण यमनमध्ये गंधार, पंचम व निषाद एकत्र वाजले की कान क्षणभर गंधारालाच आधारस्वर मानू लागतो आणि षड्जाचे राज्य डळमळते. हे जाणूनबुजून, एखाद्या जागेवर केले तर त्यात आश्चर्याचे मूल्य आहे. दर समेला केले तर रागाची दिशाच बदलते. ‘पेटी पाश्चात्त्य आहे म्हणून स्वरसंघ त्याज्य’ किंवा ‘वाद्याची शक्ती आहे म्हणून ग्राह्य’ अशा सरसकट विधानांनी या फरकाला हात लागत नाही.

डॉ. विद्याधर ओक यांच्या बावीस श्रुतींच्या पेटीने देवल-क्लेमेंट्स यांचा जुना प्रकल्प नव्या काळात पुढे नेला. रागानुसार स्वरांचे स्थान बदलता येणे ही मोठी सिद्धी आहे आणि तंबोऱ्याशी तिचा मेळ कानाला सुखावतो. तिनेही ठाशीव सुरुवातीचा प्रश्न सुटत नाही. नेमक्या श्रुतीवरचा गंधारही पट्टी दाबताच पूर्ण हजर होतोच. म्हणजे शंभर वर्षे ज्या आक्षेपाने पेटीची वाट अडविली, तो दूर झाल्यावरही वादनाचे मूल्यमापन करावयाचे शिल्लकच राहते.

कोल्हापूर आणि बेळगाव या दोन संगीतकेंद्रांच्या मधल्या गडहिंग्लजच्या पट्ट्यात हा विषय केवळ मैफलीपुरता नाही. बेळगावात रामभाऊ विजापुरे (1917-2010) यांनी पेटीवादकांच्या पिढ्या घडविल्या, त्या मुख्यतः साथीच्या शिस्तीतून. खेड्यांतून मात्र पेटी पोहोचली ती भजनी मंडळांबरोबर. पेटी, पखवाज आणि टाळ ही तेथील त्रयी. बुवांनी चरण सोडला की पेटीवाला तो उचलतो, टाळकरी गजरात लय चढवतात, पखवाज्या ती आवरतो किंवा आणखी पेटवितो, आणि पेटीवाल्याला त्या क्षणी ठरवावे लागते की चाल धरावी, वरच्या सप्तकात जावे की नुसता षड्ज लावून भाता ओढावा. एकल वादनाच्या मैफलीत सहसा न मिळणारी परस्परांच्या ऐकण्याची ही कसोटी तेथे एकादशीच्या रात्री तासन्‌तास चालते. ती ध्वनिमुद्रित करून, आवर्तनागणिक कोणी कोणाला उत्तर दिले याची नोंद घेण्याचे काम महाविद्यालयांच्या संगीत आणि मराठी विभागांना सहज हाती घेता येण्याजोगे आहे.