श्रीरामपूरची सनद आणि आपले पदवीधर

बंगालमधील श्रीरामपूर कॉलेजचे नाव (आपल्या महाराष्ट्रातील श्रीरामपूर ते निराळे) ईश्वरविज्ञानाच्या शिक्षणासंबंधीच्या चर्चेत नेहमी आदराने घेतले जाते. तो आदर रास्तच आहे. मात्र त्या संस्थेकडून आपण नेमके काय घेतले, हे तपासून पाहिले जात नाही, असे आम्हांस वाटते.

केरी, मार्शमन व वॉर्ड यांनी हे कॉलेज १८१८ साली काढले. आरंभी विद्यार्थी अवघे ३७. त्यांतील १९ ख्रिस्ती. संस्कृत, देशी भाषा व पाश्चात्य विज्ञान यांचे शिक्षण द्यावे आणि या देशातील माणसाने आपल्याच लोकांना सुवार्ता सांगावी, अशी ती योजना होती. १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने पदव्या देण्याची सनद दिली. १८४५ साली ती वसाहत इंग्रजांना विकली गेली, तेव्हाही हे अधिकार करारात राखले गेले. तरी बी. डी. ची पदवी प्रत्यक्ष दिली गेली ती १९१५ साली. सनद हाती असून अठ्ठ्याऐंशी वर्षे! पुढे १९१८ च्या कायद्याने इतर विद्यालये जोडण्याची वाट मोकळी झाली.

आपण उचलली ती सनद; योजना तेथेच राहिली. बी. डी. चा अभ्यास आज बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून चालतो. लहानशा विद्यालयाचा वार्षिक अहवाल उघडावा, तर किती बसले, किती उत्तीर्ण झाले, कोण उच्च शिक्षणास गेले, एवढेच त्यात आढळते. पदवीधर आपल्या मंडळीच्या बोलीत दफनविधीचे चार शब्द बोलू शकतो काय, पाच वर्षांनी तो कोठे आहे, याला अहवालात रकाना नाही. सीमाभागात एकाच मंडळीत मराठी व कानडी कुटुंबे शेजारी बसतात. तेथे ही उणीव पहिल्याच रविवारी उघडी पडते.

देशी भाषेचे नुसते नाव घेऊनही भागत नाही, हे श्रीरामपूरच्याच इतिहासात दिसते. केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ चे, कोश १८१० चा, नव्या कराराचे भाषांतर १८११ चे. श्रम अफाट, पण हे मराठी घडले हुगळीकाठी. मुंबईकडील अमेरिकन मिशनऱ्यांना ते पुरेसे वाटले नाही व त्यांनी १८२६ पर्यंत नवा करार पुन्हा सिद्ध केला. उलट फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले व अनेक वर्षे साष्टीच्या लोकांत राहिले. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोल येथे छापले गेले आणि देवळांतून गायिले गेले. विद्वत्तेत केरी कोठेही उणे नव्हते. फरक वस्तीचा होता.

यास्तव आमची मागणी साधी आहे. विद्यार्थ्याच्या क्षेत्रकार्याचा अहवाल प्राध्यापकांनी एकट्याने लिहू नये. ज्या गावी तो राहिला तेथील उपदेशकाने, मग त्याच्याजवळ पदवी असो वा नसो, प्रवचन लोकांस कळले की नाही ते लिहून सही करावी, आणि तो शेरा वार्षिक अहवालात छापला जावा. परीक्षेच्या गुणांत तो धरणे नियमांत बसणार नाही, अशी हरकत निघेल. गुण नकोतच. अहवालात काय छापावे, हे तरी विद्यालयाच्याच हाती आहे.