अंगणवाडी सेविकांचे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र : एक चिकित्सा

प्रस्तावना

बालशिक्षण हा पुढील सर्व शिक्षणाचा पाया आहे, हे तत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. परंतु हा पाया घालणाऱ्या व्यक्तीची पात्रता कोणती असावी आणि त्या पात्रतेनुसार तिला कोणता दर्जा मिळावा, हे दोन प्रश्न आपल्याकडे बहुधा स्वतंत्रपणे हाताळले गेले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील अंगणवाडी सेविकांविषयीची तरतूद या दृष्टीने तपासणे आवश्यक ठरते.

धोरणातील तरतूद

बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकेसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम व त्याहून कमी शिक्षण असलेल्या सेविकेसाठी एक वर्षाची पदविका धोरणाने सुचविली आहे. हे शिक्षण डिजिटल व दूरस्थ पद्धतीने व्हावे, महिन्यातून किमान एक संपर्कवर्ग असावा, असेही त्यात म्हटले आहे. सेविकेला केंद्र व घर सोडून दीर्घकाळ प्रशिक्षणास जाणे अवघड असते, हे लक्षात घेता या पद्धतीमागील व्यवहार्य विचार नाकारता येणार नाही.

चिकित्सा

तथापि बालशिक्षण हे कृतीतून आत्मसात होणारे कौशल्य आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे सुरू केलेले आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह वाढविलेले कार्य याची साक्ष देते. शाळेत न येणाऱ्या आदिवासी मुलांच्या अंगणात शाळाच नेण्याची कल्पना तेथे रुजली. पाने, बिया, खडे हीच शैक्षणिक साधने झाली. अशी दृष्टी पडद्यावरील पाठांतून क्वचितच लाभते. मुलांसमवेत काम करताना अनुभवी व्यक्तीने केलेले निरीक्षण व मार्गदर्शन त्यासाठी अपरिहार्य असते. महिन्याच्या एका संपर्कवर्गात ते कितपत साधेल, ही शंका रास्त आहे.

दुसरा मुद्दा कार्यभाराचा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण या सहा सेवा आहेत. शिक्षण हे त्यांपैकी केवळ एक. प्रमाणपत्राने ज्ञान वाढेल. ते वापरण्यासाठी लागणारा वेळ मात्र वाढणार नाही.

तिसरा मुद्दा सर्वाधिक महत्त्वाचा, तो दर्जाचा. अंगणवाडी सेविका नागरी पद धारण करीत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने त्यांना उपदान अधिनियम लागू होतो, असे स्पष्ट केले. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१८ पासून आपले मानधन ३,००० वरून ४,५०० रुपये केले व राज्ये त्यात भर घालतात. तरीही शब्द 'मानधन' हाच राहिला. धोरण दीर्घकालीन उद्दिष्ट म्हणून व्यावसायिक पात्रताधारक शिक्षकवर्ग व त्यांच्या पदोन्नतीच्या मार्गाचा उल्लेख करते. परंतु अभ्यासक्रमाची मुदत महिन्यांत निश्चित करणारे हे धोरण प्रमाणपत्रानंतरच्या वेतनश्रेणीविषयी मौन बाळगते. पात्रता व्यावसायिकाची आणि मोबदला स्वयंसेविकेचा, ही विसंगती त्यामुळे कायम राहते.

निष्कर्ष

प्रमाणपत्र हे अध्ययनाचे फलित असावे, तसेच अधिकाराचे साधनही असावे. प्रत्यक्ष केंद्रातील मार्गदर्शन, अध्यापनासाठी राखीव वेळ व पात्रतेशी निगडित वेतन यांची जोड नसल्यास ते सेविकेवरील आणखी एक ओझे ठरेल. महाविद्यालयांतील गृहविज्ञान व शिक्षणशास्त्र विभागांनी परिसरातील अंगणवाड्यांशी नियमित संबंध जोडल्यास यांतील पहिली उणीव काही अंशी भरून निघेल. उर्वरित दोन्हींची जबाबदारी मात्र शासनाचीच आहे.