गोडसे भटजींची कावड

काशीस जाण्यापूर्वी त्या क्षेत्राच्या वाटेने गेलेल्या जुन्या मराठी प्रवाशाची सोबत घ्यावी, या हेतूने सुटीच्या तोंडावर मी विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ पुन्हा वाचला. वाटाड्या म्हणून या ग्रंथाचा उपयोग जवळजवळ नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. १८५७ साली वरसईहून निघालेल्या, कर्जाने गांजलेल्या या भिक्षुकाला घाटांची शोभा वर्णन करावयाची नव्हती. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, हा त्याचा हिशेब होता. गंगोदकाची कावड आणून मातापितरांस स्नान घालावे, हा संकल्प होता. महूच्या परिसरात बंडाची वार्ता कानी आली आणि हिशेब कोलमडला. संकल्प तेवढा उरला.

आमच्या टीकेने मात्र हा ग्रंथ सत्तावनच्या इतिहासाचे साधन म्हणूनच वाचला. त्याला कारणही तसेच आहे. झाशीचा वेढा, नंतरची कत्तल, काल्पीच्या वाटेवर तहानलेली राणी विहिरीवर भेटते तो प्रसंग, हे सारे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचे मराठी आहे. परंतु झाशी मध्यभागी बसविली की काशी परिशिष्टात जाते, आणि ग्रंथाची घडणच दिसेनाशी होते. केवळ साक्ष देणे हा हेतू असता, तर १८५८ च्या जूनमध्ये राणीच्या अंताबरोबर लेखणी थांबावयास हरकत नव्हती. ती थांबत नाही. लुटला गेलेला, वणवण फिरलेला हा ब्राह्मण काशीस पोहोचतो, कावड खांद्यावर घेतो आणि ते पाणी घरी आणतो. कथेचा शेवट तेथे आहे.

एनुगुल वीरास्वामी यांची तेलुगू ‘काशीयात्रा चरित्र’ शेजारी ठेवली म्हणजे भेद स्पष्ट होतो. मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयातील हे दुभाषी १८३०-३१ मध्ये मोठ्या परिवारासह काशीस जाऊन आले. ग्रंथ १८३८ साली छापला गेला. मुक्काम, रस्ते, सोयी यांची त्यांची नोंद मागून येणाऱ्याच्या उपयोगाची आहे. गोडसे मागून येणाऱ्यासाठी लिहीत नाहीत. त्यांच्या वाटेवरून पुन्हा कोणी जावे, असे त्यांस वाटले असेल हेही संभवत नाही.

अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) पासून लेखकाचे रसिक व्यक्तिमत्त्व हा आमच्या प्रवासवर्णनाचा मानदंड झाला. त्या मानदंडाने गोडसे उणे ठरतात, आणि हा दोष मला मानदंडाचा वाटतो. भीती, भूक, दक्षिणेचा हिशेब हे ते न लाजता सांगतात. व्यक्तिमत्त्व म्हणतात ते आणखी कोणते? त्यांची खरी मर्यादा वेगळी आहे. त्यांची दृष्टी आपल्या वर्णाच्या कुंपणाबाहेर क्वचितच रेंगाळते. ज्यांच्या खेड्यांतून ते गेले, त्या लोकांची तोंडे आपल्याला दिसत नाहीत.

शैलीविषयी बोलताना तर अधिकच सावधपणा हवा. चिंतामणराव वैद्यांच्या प्रेरणेने १८८३ च्या सुमारास लिहिलेला हा मजकूर, सरकारच्या धास्तीने दडून राहून, १९०७ साली वैद्यांच्याच संस्काराने बाहेर आला. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ ची. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे आमच्या टीकाकारांनी गोडसे यांच्या गद्याची जी वाखाणणी केली, तिच्यात वैद्यांचा वाटा किती, हे कोणी वेगळे काढले नव्हते. मूळ वाक्य अडखळते, आठवणीला वाट देत मागेपुढे होते. घासून पुसून घेतलेले वाक्य सरळ चालते. कावड घेऊन चाललेल्या माणसाचे वाक्य मला पहिलेच वाटते.

राजघाटचा रेल्वेपूल १८८७ साली खुला झाला, ग्रंथ लिहून झाल्यावर. त्याच पुलाकडे जाणाऱ्या गाडीचे तिकीट माझ्याजवळ आहे. पिशवीत पोतदारांची प्रत ठेवली आहे. वैद्यांची घरी राहील.