पडला की टाकला?

सांगलीला माझ्या वर्गात दुसऱ्या महायुद्धाचा धडा झाला की मुले उत्तरपत्रिकेत हटकून एक वाक्य लिहितात : ‘६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला.’ वाक्य शुद्ध आहे. मी पूर्ण गुण देत आलो. लहानपणी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी हेच वाक्य मी आजोबांपुढे म्हटले होते. १९४६ साली जपानात गेलेल्या हिंदी ब्रिगेडमध्ये मराठा पलटणही होती, आणि आजोबा तीत होते. ते उजाड शहर त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले. ‘‘पडला न्हाई रं, टाकला. पडतो तो पाऊस,’’ एवढेच ते बोलले.

या दोन क्रियापदांतले अंतर मनात धरूनच मी अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्या आठवणींचा पहिला खंड वाचला. १९५५ सालच्या या खंडाचे नावच ‘निर्णयांचे वर्ष’ अशा अर्थाचे आहे. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते; शब्दकोश उशाशी घेऊनच ही मजल मारली. ग्रंथकार जबाबदारी झटकत नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. बाँब कोठे व केव्हा टाकायचा याचा अखेरचा निर्णय आपला होता, असे तो स्वच्छ लिहितो. पण आपल्याला शंका कधी आलीच नाही, असेही तो त्याच दमात सांगतो, आणि कादंबरीकार म्हणून माझे त्याच्याशी भांडण येथे सुरू होते. ज्या निर्णयाला दुसरी बाजूच नव्हती, तो वाचकाला दिसावा कसा?

दप्तर पाहिले तर माणूस आणखीच हरवतो. २५ जुलैचा हुकूम जनरल हँडी यांच्या सहीचा, जनरल स्पाट्झ यांच्या नावे आहे. सुमारे ३ ऑगस्टनंतर हवा अनुकूल होताच हिरोशिमा, कोकुरा, निगाता, नागासाकी यांपैकी एका शहरावर पहिला बाँब टाकावा. पुढचे तयार होतील तसतसे टाकावेत. अध्यक्षांची सही त्यावर नाही. दुसऱ्या बाँबसाठी वेगळा हुकूम लागणारच नव्हता. नागासाकी त्या ‘तसतसे’मध्येच जळाले. त्याच दिवशी ट्रूमन दैनंदिनीत लिहितात की लक्ष्य लष्करीच राहील, बायकामुले नव्हेत. ते खोटे लिहीत होते असे मला वाटत नाही. एकांतात मनाची समजूत घालणारा माणूस असेच लिहितो, आणि म्हणून ही त्रोटक नोंद मला त्या जाडजूड खंडाहून मोलाची वाटते.

प्रसंग म्हणावा असा प्रसंग सापडतो तो दुसऱ्याच्याच वहीत. १० ऑगस्टला ट्रूमन यांनी मंत्रिमंडळाला सांगितले की, बाँब टाकणे आपण थांबवले आहे. आणखी एक लाख माणसे, ती सगळी मुले मारण्याची कल्पना त्यांना सोसवेना. वाणिज्यमंत्री हेन्री वॉलेस यांनी हे टिपून ठेवले. सौप्तिकपर्वात व्यासांनीही अस्त्र सोडण्यापेक्षा ते आवरण्याचे काम अवघड ठरवले आहे : अर्जुनाला ते साधते, अश्वत्थाम्याला नाही. खंडातल्या निःशंक ट्रूमनशी हा ट्रूमन जुळत नाही, आणि मी कधी कादंबरी लिहिलीच तर या दुसऱ्यापासून सुरुवात करीन.

आजोबांना ती सुरुवात पटली नसती. त्यांनी विचारले असते, ‘‘मग ती पोरं सहा तारखेला नव्हती व्हय?’’